तुम्ही विचारलंत म्हणून : दुकानदार वडिलांवर लिहायचं कसं?

‘बाबा गेले. गावात त्यांचं दुकान होतं, सगळे ओळखायचे. शोकसभेत वाचायला आणि छापायला काहीतरी लिहायचंय, पण सुरुवातच सुचत नाही.’ हा प्रश्न इतक्यांदा येतो, की उत्तर एकदाच नीट लिहून टाकलेलं बरं.

सुरुवात सुचत नाही, कारण तुम्ही लिहायला बसलाय. आधी कागद काढा : जुनी बिलबुकं, भाडेकरार, पासबुक, परवाना. धंदा कधी सुरू झाला यावर घरात किमान तीन मतं निघतात. परवान्यावरची तारीख बघून वाद मिटवू नका. पुष्कळ जण आधी धंदा करून बघतात आणि नोंदणी सावकाश करतात. पाटीवरचं स्थापनेचं वर्ष आजोबांचंही असू शकतं. सगळ्यात जुनं बिल आणि भाडेकरार जुळले तर वर्ष खुशाल लिहा, नाहीतर ‘१९७०च्या सुमारास’ म्हणा. चुकीचं वर्ष छापलं, की ते दुरुस्त करणारा पहिला माणूस शोकसभेतच भेटतो.

मग माणसं. पाच पुरेत : आई, एखादं भावंड, जुना कामगार, नेहमीचं गिऱ्हाईक आणि समोरचा दुकानदार. समोरच्याला हमखास वगळलं जातं, आणि खरं तर त्यानंच त्यांना रोज दहा-बारा तास पाहिलेलं असतं. ‘ते कसे होते?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे : मनमिळाऊ, कष्टाळू, देवमाणूस. ‘कुलूप उघडल्यावर पहिलं काय करायचे?’, ‘उधारी थकली की काय म्हणायचे?’, ‘कशावरून चिडायचे?’ असं विचारा. ऐकताना शब्द जसेच्या तसे टिपून घ्या; घरी येऊन आठवून लिहिलं, की ते तुमच्या भाषेत जातात.

विशेषणाचं काय करायचं ते एका वाक्यावर बघा. ‘ते अत्यंत प्रामाणिक होते’ हे कुणाच्याही वडिलांना चालतं. ‘तराजूचा काटा थांबेपर्यंत ते गिऱ्हाइकाशी बोलत नसत’ हे एकाच माणसाचं आहे, आणि त्यात प्रामाणिकपणा न सांगता येतो. मसुदा झाला, की विशेषणांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. ज्याच्यामागे असा एखादा प्रसंग नाही, ते खोडा. निम्मी तरी जातात.

सगळ्यात मोठी चूक मात्र मांडणीत होते. तीन परिच्छेद धंद्यावर आणि शेवटी एक ओळ : ‘ते कुटुंबवत्सल होते.’ लहान गावातल्या दुकानदाराचं घर आणि दुकान असं वेगळं काढता येत नाही. रात्री नऊला कुणी दार वाजवतं आणि जेवता जेवता उठून ते किल्ल्या घेतात. मुलं पाढे गल्ल्याशेजारी बसून पाठ करतात. घरातल्या समारंभाला ते उशिरा येतात, तेही खरंच. लिहायला हरकत नाही. आणि हिशेबाची वही उघडून अक्षर बघा. पुष्कळदा ते आईचं असतं. मग ‘त्यांनी एकट्याच्या हिमतीवर धंदा उभारला’ हे वाक्य तिच्यासमोर वाचणार का?

तोटा, भागीदारी तुटणं, बंद पडलेली शाखा हे एका साध्या वाक्यात सांगा. गावाला माहीत असतंच. लपवलं तर बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास जातो. उधारी माफ केली असेल तर माफी लिहा, नाव नाही. तो माणूस समोर बसलेला असतो.

लांबी : शोकसभेत वाचायला ५०० शब्द, म्हणजे साधारण पाच मिनिटं. मोठ्यानं वाचून बघा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. गळा दाटला तर पुढे कोण वाचणार हे आधी ठरवा आणि त्याच्या हातात दुसरी प्रत ठेवा.

नातेवाइकांची नावं मजकुरात पेरू नका, शेवटी एकत्र द्या. ती यादी घरातल्या दोन वेगवेगळ्या शाखांच्या माणसांकडून तपासून घ्या. चुकीच्या वर्षाला लोक हसून सोडतात, पण गाळलेल्या सुनेचा विषय वर्षानुवर्षं निघतो. छापील मजकुरात घराचा पत्ता आणि सगळे बाहेर असण्याची वेळ एकत्र देऊ नका. रिकामं घर कधी सापडेल ते त्यातून कुणालाही कळतं.

फोटो ओळखपत्राचा नको. दुकानात काढलेला, थोडा हललेला असला तरी तो चांगला. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला, की तो आकसतो आणि छापताना फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ इंच रुंद छापायचा तर किमान ६०० पिक्सेल रुंदी लागते. जुना कागदी फोटो असेल तर मोबाइलनं टिपण्यापेक्षा स्कॅन करा, आणि त्याआधी उलटून मागची बाजू बघा. पुष्कळदा तारीख तिथेच लिहिलेली असते.