ठमी, लिव्हरची पेस्ट आणि डॉक्टरांकडची ती फरशी

आमची ठमी रोमानियाची आहे. इकडे जर्मनीत हे खूप कॉमन आहे, तिथल्या शेल्टरमधली कुत्री चिप आणि पासपोर्टसकट व्हॅनमधून इकडे येतात आणि लोक दत्तक घेतात. आली तेव्हा साधारण ३ वर्षांची होती. सुरुवातीला सोफ्यामागून बाहेरच येईना, मग हळूहळू रुळली, पोट खाजवून घ्यायला लागली, लाइपझिगच्या ट्राममध्ये माझ्या पायाशी शांत झोपायलाही लागली, आणि मला वाटलं चला आता सगळं मार्गी लागलं. मग लसीची वेळ आली.

त्या दिवशी वेटिंग रूमच्या फरशीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते. बाहेर कडक ऊन, पावसाचा पत्ता नाही, मला कळेचना हे पाणी कुठून आलं. नंतर कळलं की कुत्र्यांना घाम येतो तो पायाच्या तळव्यांना, आणि घाबरली की जास्तच येतो. हात फिरवला की केसांचे पुंजके हातात येत होते, ती सारखी नाक चाटत होती, जांभया देत होती आणि मी वेडी समजत होते की बिचारी कंटाळली. आत गेल्यावर स्टीलच्या टेबलावर उचलून ठेवली, पाय घसरायला लागले, तिघांनी दाबून धरलं, ती गुरगुरली आणि तिथेच मुतली. डॉक्टर म्हणाले कुत्री हट्टी आहे, जरा कडक राहा. पाच मिनिटांत लस टोचून झाली. पण पुढचे चार दिवस ठमी माझ्या हातून पट्टा घालून घेईना. मी हात पुढे केला की मान खाली घालून मागे सरकायची. ते चार दिवस मला फार लागले.

सांगलीला लहानपणी आमच्या मोत्याचंही असंच करायचो. बाबा बँडेजच्या पट्टीने त्याचं तोंड बांधायचे, मी मागचे पाय धरायचे, डॉक्टर टोचायचे. आम्ही मायेनेच करत होतो, दुसरी काही पद्धत असते हे माहीतच नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण घरी फोन केला की अजून हेच ऐकते, "अगं तो डॉक्टरकडे जातच नाही, मग आम्ही नेणंच सोडलं." आपल्याकडे रेबीज आहे, नेणं सोडून चालणार नाही.

आम्ही क्लिनिक बदललं. नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत ठमीला हातसुद्धा लावला नाही, फरशीवर मांडी घालून बसल्या आणि माझ्याशीच बोलत राहिल्या. म्हणाल्या, ही हट्टी नाहीये, ही घाबरलीय, आणि घाबरलेल्याला जवळ घेऊन थोपटल्याने भीती वाढते वगैरे काही खरं नाही, बिनधास्त थोपटा. मग सांगितलं की पुढचे काही आठवडे नुसतं यायचं, वजनकाट्यावर उभं राहायचं, खायचं आणि घरी जायचं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. इकडे जनावरांच्या डॉक्टरांची फी सरकारी दरपत्रकाने ठरते, नोव्हेंबर २०२२ पासून कुत्र्याच्या साध्या तपासणीचा एकपट दर २३.६२ युरो अधिक टॅक्स आहे आणि डॉक्टर तिप्पटपर्यंत लावू शकतात, त्यामुळे ह्याचं मला विशेष वाटलं.

खाऊ म्हणजे लिव्हरची पेस्ट, टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये मिळते. तेव्हा आई तीन महिन्यांसाठी आलेली. आमच्या घरात कधी अंडंही आलेलं नाही, पण आई रोज माझ्याबरोबर यायची आणि पदर नाकाला लावून ट्यूब दाबत उभी राहायची, "खा गं बाई, खा, कोणी काही करत नाही तुला."

एक गोष्ट मी आठवडाभर चुकीची करत होते, ती म्हणजे क्रम. मी आधी खाऊ दाखवायचे आणि मग पाय धरायचे. त्याने होतं काय, की खाऊ दिसला की आता काहीतरी वाईट होणार हे कुत्रं शिकतं आणि मग खाऊलाच घाबरतं. आधी स्पर्श, आणि स्पर्श झाल्यावर लगेच खाऊ. एवढ्या एका बदलाने दोनच दिवसांत फरक दिसला.

मग घरी गुंडाळलेल्या टॉवेलवर हनुवटी ठेवायला शिकवलं. हनुवटी टॉवेलवर असेपर्यंत मी हात लावणार, तिने उचलली की त्याच क्षणी माझा हात मागे, रागवायचं नाही, परत ओढायचं नाही. रोज दोनदा, दोन दोन मिनिटं. आधी नुसता खांद्याला हात, मग कातडीची हलकी चिमटी, मग टोपण लावलेलं पेन टोचल्यासारखं, मग स्पिरिटचा बोळा, कारण तो वास आला की तिचा अर्धा जीव जायचा, शेवटी सुई नसलेली सिरिंज. मुसकंही असंच शिकवलं. मळणीच्या बैलाला बांधायचे त्यातलं नाही, आत तोंड उघडून धापा टाकता येतील असं जाळीचं, त्याच्या आत पेस्ट लावायची आणि तिने आपणहून तोंड घालायचं.

औषधाबद्दल माझ्या मनात खूप किंतु होता. बाई म्हणाल्या की भीती एवढी जास्त असेल तर शिकणं होतच नाही, मग भेटीच्या साधारण दोन तास आधी द्यायची गोळी देतात, तिच्यासाठी गॅबापेंटिन आणि ट्रॅझोडोन, आणि आधी एखाद्या रिकाम्या दिवशी घरी देऊन बघायची, कशी झेपते ते. असेप्रोमाझिन हे जुन्या प्रकारचं गुंगीचं औषध नुसतं देऊ नका म्हणाल्या, त्याने अंग सुस्त होतं पण आतली भीती तशीच राहते. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा, घरी माणसांसाठी पडलेल्या गोळ्यांतली अर्धी देऊ नका, प्लीज.

मांजरवाल्यांसाठी थोडंसं. पिंजरा माळ्यावरून फक्त त्या दिवशी काढू नका, तो कायम घरात उघडा ठेवा, आत तुमचा घातलेला टीशर्ट टाका, आणि वरचं झाकण निघतं असाच घ्या म्हणजे डॉक्टर मांजराला बाहेर न ओढता तिथेच तपासतात. वर टॉवेल टाका आणि क्लिनिकमध्ये पिंजरा जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा. युरोपात मांजरांच्या प्रवासाच्या आणि डॉक्टरच्या भीतीसाठी २०२१ पासून प्रेगाबालिनचं पातळ औषध मंजूर आहे, पण तुमच्याकडचे डॉक्टर काय देतात ते त्यांनाच विचारा.

सांगलीच्या दादाने हे त्याच्या लॅब्राडॉरवर करून बघितलं. तिकडे अपॉइंटमेंट नसते, नुसती गर्दी, म्हणून वहिनी नंबर लावून आत बसते आणि दादा त्याला गल्लीच्या टोकाशी फिरवत ठेवतो, नंबर आला की फोन. लिव्हर पेस्टच्या ऐवजी स्टीलच्या ताटलीला दही फासून नेतात, डॉक्टर टोचतात तेव्हा तो ताटली चाटत असतो. पीनट बटर देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) लिहिलंय का बघा, कुत्र्यांना ते विषारी आहे.

गेल्या महिन्यात ठमीचं रक्त घ्यायचं होतं. योगा मॅट टाकलेल्या फरशीवर, पायाला आधी बधीर करायचं क्रीम लावलेलं. तिने टॉवेलवर हनुवटी ठेवली, बाईंनी पाय हातात घेतला आणि तिने मान उचलली. बाईंनी सुई खाली ठेवली. सगळे थांबलो. ठमीने खोलीत एक चक्कर मारली, पाणी प्यायली, दाराशी जाऊन आली, आणि मग स्वतःहून येऊन हनुवटी परत टॉवेलवर ठेवली. मी तिला हाकही मारली नव्हती. रक्त घेऊन झालं तरी ती तशीच पेस्ट चाटत होती, माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. आईला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

कान अजून बाकी आहेत. सध्या कानाच्या टोकाला एक बोट लावायचं आणि पेस्ट द्यायची, एवढ्यावर आहोत.