खिडकी बंद, कूलर चालू

चौदाव्या मिनिटाला कॉम्प्युटरची स्क्रीन निळी झाली, म्हणजे तो कोलमडला. त्याआधी दिसलेला प्रोसेसरच्या तापमानाचा शेवटचा आकडा ९१ अंश.

प्रोसेसर जुनाच, आय५-२५००के, २०११ चा. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, मी ४.५ वर पळवत होतो. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलेलं. वर विटेएवढा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, आणि १२० मिलिमीटरचा पंखा. डिसेंबरात हेच सेटिंग रात्रभर टिकलं होतं हो!

आई मागे येऊन उभी. म्हटलं, "तापतोय. एवढा चांगला कूलर लावूनही."

तिनं टेबलाखालच्या कॅबिनेटकडे पाहिलं. बाजूला काच, पुढेही काच, सगळं कसं गच्च बंद. "काहून रे, खिडकी बंद करून कूलर लावतं का कोणी?"

नागपुरात उन्हाळे काढलेली बाई. तिला एअरफ्लो कोण शिकवणार?

बाजूची काच काढली. आठ अंश खाली.

मग कागदावर हिशेब मांडला. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे वेग वाढला जेमतेम एक तृतीयांश आणि उष्णता झाली जवळजवळ पावणेदोनपट. शिवाय पंखा कितीही गरगरला तरी खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. आणि खोलीच ३९ वर!

रात्री मुकाट्यानं ४.२ वर आणला, व्होल्टेजही उतरवलं. कामात काडीचा फरक जाणवत नाहीये. मग मी एवढा कशासाठी घाम गाळत होतो?

काच सध्या गॅलरीत आहे. आई विचारतेय, तिच्यावर पापड वाळत घालू का.