त्यानं ओळख दिली नाही

गुरुवार, रात्री

अशोक चौकात आज तो दिसला. चहाच्या गाड्यावर, कारखान्यातल्या पोरांच्या घोळक्यात. मी पलीकडे रिक्षाची वाट बघत होते, हात वर केला. त्यानं बघितलं, नजरेला नजर भिडली आणि त्यानं तोंड फिरवलं. ऊन डोळ्यांवर असेल, मधे बस आली असेल, असं रिक्षात बसल्यावर मनाला सांगून बघितलं. मन ऐकेना. अंगातला निळा शर्ट मीच नव्या पेठेतून आणून दिलेला, पहिल्या दिवशी कामावर घालायला म्हणून.

घरी आल्यावर कशात लक्ष लागलं नाही. यांनी दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. काय सांगणार? आमच्या संस्थेतून, बालगृहातून, बाहेर पडलेल्या पोरानं रस्त्यात ओळख दिली नाही म्हणून जीव खट्टू झालाय?

पण झालाय. टायफॉइड झाला तेव्हा सिव्हिलमध्ये त्याच्या उशाशी रात्रभर कोण होतं? विजापूर रोडच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनला नंबर लागावा म्हणून दाखल्यांसाठी कोण पळत होतं? असले हिशेब मांडू नयेत, कळतं मला. आज मांडावेसे वाटतायत.

१ जूनला तिघं एकदम अठरा पूर्ण झाले. ज्याची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही त्याला शाळेनं १ जून दिलेली, मग तीच आधारवर, तीच बालकल्याण समितीच्या आदेशात. एक अनुरक्षणगृहात गेला, अठरा पूर्ण झालेल्या पोरांना ठेवतात तिथं. एक मामाकडे. त्या मामाबद्दल आज लिहीत नाही. आणि हा एकटाच असा की ज्याचं सगळं नीट लागलं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला काम, बँकेत खातं, जवळच नीलम नगरात खोली. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिना ४,००० मिळतात, त्याचा प्रस्ताव गेलाय. अनाथ प्रमाणपत्र मात्र याला नाही, त्यामुळे २०१८ पासून अनाथांना नोकरीत आणि शिक्षणात जे १ टक्का आरक्षण आहे, तेही नाही. आई हयात. फाईलवर तेवढे दोनच शब्द आहेत.

एवढं सगळं लागलं आणि माझ्याकडे बघून तोंड फिरवलं.

खोली बघायला गेलो होतो तो दिवस मघापासून डोळ्यांसमोरून हलत नाही. घरमालकीण दारातच विड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हात थांबवला नाही, मानही वर केली नाही, विचारलं, "गाव कुठलं रे पोरा? घरी कोण कोण?" मी तोंड उघडणार तोच हा म्हणाला, "अक्कलकोटच्या बाजूचं. वडील शेती करतात. ही माझी आत्या." जराही अडखळला नाही. बाईनं मग मला पाणी दिलं, नळाला पाणी किती दिवसांआड येतं, बॅरल कुठं ठेवायचं, रात्री दहानंतर फाटक बंद, सगळं आत्याला सांगावं तसं मला सांगितलं. मी मान डोलावत राहिले. येताना काही बोलवेना मला, इतकं भरून आलं होतं. आत्या म्हणाला!

आज वाटतंय, ते उत्तर त्याच्याकडे आधीपासून तयार असणार. आयटीआयतल्या पोरांना दिलेलं, क्रिकेटच्या टीममध्ये दिलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. आपल्याकडं नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनावापाठोपाठ गाव, गावापाठोपाठ पाव्हणे कोण. चहाचा कप हातात यायच्या आत. प्रत्येक पोराचा व्यक्तिगत संगोपन आराखडा आम्ही भरतो, त्यात शिक्षण आहे, आरोग्य आहे, कौशल्य आहे, बचत आहे. "घरी कोण कोण?" याला काय उत्तर द्यायचं, त्याचा रकाना नाही. ते ज्याचं त्यानं रात्री पडल्या पडल्या जुळवायचं.

आणि मी रस्ता ओलांडून गेले असते तर? पोरांनी विचारलंच असतं, "कोण बे त्या बाई?" माझा आवाज हा असा. जेवतोस का वेळेवर, पासबुक भरून घेतलंस का, समितीपुढं कधी यायचंय लक्षात आहे ना, हे सगळं मी त्या गाड्यावर चौघांदेखत विचारलं असतं. विचारल्याशिवाय राहवलंच नसतं मला. त्या पोरांना त्यानं काय सांगितलंय देव जाणे. आत्या असेल, नसेलही. चहा संपेपर्यंत त्याचं सगळं उघडं पडलं असतं.

तरी वाईट वाटलंच. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

की नसतं चाललं? मान हलवली की मी गेलेच असते पलीकडे. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. इतकी वर्षं बघितलंय त्यानं मला.

बाल न्याय कायदा आणि त्याचे नियम सांगतात, २१ पर्यंत त्याला आधार द्यायचा, फारच गरज असेल तर २३ पर्यंत. २०१५ च्या कायद्यातलं कलम ४६ मला पाठ आहे. म्हणजे माझं काम संपलेलं नाही, फक्त ते कुठं उभं राहून करायचं ती जागा बदललीय. महिनाअखेरीला पाठपुराव्याची भेट आहे. कारखान्यावर जाणार नाही. रविवारी खोलीवर जाईन, संस्थेचं ओळखपत्र पर्समध्ये ठेवून. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेईन, आत्या रिकाम्या हातानं जात नसते. आजचा विषय काढणार नाही. त्यानं काढला तर ऐकेन.

दिवाळीनंतर आणखी एकाचं वय भरतंय. त्याच्याबरोबर बसले की कुकर, गॅस, एटीएमचा पिन हे सगळं आहेच. पण पहिल्याच बैठकीत त्याला विचारणार आहे, बाहेर कुठं भेटलो तर मी तुला ओळख द्यायची का, आणि कोण म्हणून?