पिवळा पट्टा

आज कपाट आवरताना बाबांच्या फायलींमध्ये लिव्हस्ट्राँगचा, म्हणजे सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या कॅन्सर संस्थेचा, पिवळा रबरी मनगटी पट्टा सापडला. २००५ साली बाबांच्या केमोच्या दिवसांत मामेभावाने तो आणून दिला होता. 'हा माणूस कॅन्सरमधून उठून टूर द फ्रान्स जिंकलाय, काका,' असं त्याने सांगितलं, तेव्हा बाबा किती दिवसांनी हसले होते!

पट्टा हातात धरून बराच वेळ तशीच बसले. १९९९ ते २००५, फ्रान्सच्या त्या सायकल शर्यतीची सलग सात विजेतेपदं. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला आणि सातही काढून घेतली गेली. ईपीओ हे तांबड्या रक्तपेशी वाढवणारं औषध, स्वतःचंच रक्त साठवून पुन्हा चढवणं, सगळं त्यात होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारी फौजदारी तपास आरोप न ठेवताच बंद झाला होता. मग जानेवारी २०१३मध्ये आर्मस्ट्राँगने टीव्हीवर कबुली दिली. त्याच्या संघाला अमेरिकेच्या सरकारी टपाल खात्याचा पैसा होता; जुना सहकारी फ्लॉइड लँडिसने त्याच्यावर सुरू केलेला त्या सरकारी पैशाच्या फसवणुकीचा दावा २०१८मध्ये ५० लाख डॉलरवर मिटला.

मला उत्तेजकांपेक्षा जास्त राग येतो तो एमा ओ'रायलीच्या बाबतीत. संघाची मालिशवाली. १९९९मध्ये संघाने आर्मस्ट्राँगसाठी मागची तारीख टाकून औषधाची चिठ्ठी बनवली, हे तिने उघड सांगितलं. बदल्यात तिच्यावर खटला झाला, जाहीर बदनामी झाली. खरं बोलणाऱ्या बाईला इतकं छळायचं?

बाबांचं ते हसू मात्र खरं होतं. पट्टा परत फाईलमध्येच ठेवलाय.