औंधची कीर्द: ताळा जमला एकदाचा!

मागच्या वेळी जिथे अडलो होतो तिथून सुटका झाली. औंध संस्थानातल्या आटपाडी भागातल्या पंचायतीची ती फसली १३५७ ची (म्हणजे १९४७-४८ ची) मोडी कीर्द, रोजच्या जमाखर्चाची वही, आठवत असेल. लिप्यंतर झालेलं, अक्षर बऱ्यापैकी सुबक, पण पानाखालची बेरीज आपल्या बेरजेशी काही केल्या जुळेना. एका पानावर सहा आण्यांची तूट, दुसऱ्यावर तीन, मधलंच एखादं पान चोख.

पहिला संशय अर्थातच बिचाऱ्या कारकुनावर. मग एका जाणत्या मित्राने सुचवलं की ॥ (आठ आणे) आणि ॥। (बारा आणे) यांत गफलत होत असेल, उभ्या रेघा बोरूने एकमेकींत मिसळतात. पण उभी एक रेघ म्हणजे पावली, चार आणे. ती सुटली तर फरक चारच्या पटीत यायला हवा. सहा आणि तीन कुठून येणार? शिवाय तूट कायम आपल्याच बेरजेत, जास्त एकदाही नाही, आणि पैचा फरक कुठेच नाही. म्हणजे कुठेतरी एकेक आणा गळत होता.

आणे आडव्या रेघांनी लिहितात हे इथे सगळ्यांना पाठ आहे: - एक, = दोन, ≡ तीन. आता गंमत बघा. वही निळ्या रेघांची, छापील. पानाच्या वरच्या भागात कारकून रेघेच्या जरा वर लिहितो, आणि खाली येता येता हात उतरतो. तिथे आण्याची शेवटची आडवी रेघ नेमकी छापील रेघेवर जाऊन बसते. त्यामुळे १२॥≡ चे आपण १२॥= वाचत होतो. ज्या नोंदीत एकच आणा, तिथे तर तो पूर्णच गडप!

यात मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपचा मोठा हात आहे. नाव घेत नाही, पण ‘कागदपत्र स्वच्छ करतो’ म्हणत फोटो काळापांढरा करणारं कुठलंही अ‍ॅप मोडीसाठी वैरी समजा. रंगीत मूळ फोटो गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला, लाल-हिरवा-निळा असे रंगांचे चॅनेल वेगळे केले आणि फक्त निळा ठेवला. निळी रेघ विरली, तपकिरी शाई गडद झाली आणि त्या तिसऱ्या रेघा ओळीने उभ्या राहिल्या. बेरीज पैपर्यंत जमली. त्या दिवशी घरात चहा मीच केला.

आता मुख्य पान. ८ मार्च १९४८ ला दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यात औंधही. जानेवारी १९३९ मध्ये संस्थानात ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना आली होती, तेव्हा मला वाटलं होतं की त्या तारखेला नवी वही, निदान नवं पान तरी असेल. काही नाही. फसली साल मृगापासून सुरू होतं, मार्चमध्ये ते संपलेलं नसतं. कारकुनाने एक आडवी रेघ मारली, शिल्लक खाली ओढली आणि दिवाबत्तीच्या तेलाचा खर्च पुढे लिहायला घेतला. ओढलेली शिल्लकही आता आण्याला आणा जुळते, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

खरं तर पुढे सगळी वही लिप्यंतरित करायचा बेत होता. हे लिहिता लिहिता तो बदलतोय. औंधचे तुकडे विखुरलेले होते: औंध, आटपाडी, कुंडल आणि थेट विजापूरकडे गुणदाळ. पहिले तीन १९४९ मध्ये सातारा जिल्हा फुटला तेव्हा उत्तर-दक्षिणेत वाटले गेले, दक्षिण सातारा १९६० ला सांगली झाला. गुणदाळ मात्र १९५६ मध्ये विजापूर जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेलं. चारही ठिकाणच्या कीर्दीत फक्त मार्च ते जून १९४८ ची पानं शेजारी ठेवली तर? शिल्लक सगळीकडे अशीच बिनबोभाट ओढली का, हे पाहता येईल. बाकीची वही पावसाळ्यात.

एका कचेरीत रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडायलाच तयार नाहीत, झेरॉक्स देतात तीही काळीपांढरी, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. तिथे भिंग आणि बाजूने टॉर्च यावर भागवावं लागेल. कुंडल भागातली कीर्द कुणाच्या घरच्या दप्तरात असेल तर आधी पानाच्या तळाकडच्या नोंदी तपासा, आणि फोटो पाठवाल तो रंगीतच पाठवा.