चवथीपूर्वी घराचा वीज बोर्ड तपासून घ्या

टोरोंटोजवळच्या मिसिसागात घर विकत घेताना पाहणीला आलेल्या निरीक्षकाने छप्पर आणि पाया पाहून झाल्यावर तळघरातल्या वीज पॅनेलसमोर बराच वेळ काढला. त्यानंतर विमा कंपनीनेही मेन किती अँपिअरचा आहे, फ्यूज आहेत की ब्रेकर आणि तारा तांब्याच्या आहेत की अ‍ॅल्युमिनियमच्या, हे विचारून घेतले. 1960च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-पंधरा वर्षे इथल्या अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या, आणि त्यांचे जोड सैल होऊन तापतात, म्हणून ही विचारपूस. पॅनेलसमोर एक मीटर जागा मोकळी ठेवावी लागते. न्हाणीघरात, कपड्यांच्या कपाटात किंवा जिन्यात पॅनेल बसवता येत नाही. कोणता ब्रेकर कोणत्या खोलीचा, हे त्यावर लिहिलेले असते. आपल्या घरातले काम मालकाने स्वतः केले, तरी ओंटारिओच्या इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीला ते आधी कळवावे लागते.

हे सारे पाहताना मला फोंड्याकडचे आमचे जुने घर आठवत राहते, आणि गोव्यातल्या तशा असंख्य घरांची काळजी वाटते. वर्षभर बंद असलेले घर चवथीला उघडते, तेव्हा पावसाची ओल चिऱ्याच्या भिंतींत मुरलेली असते. त्याच वेळी मखराची रोषणाई, फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप आणि पाहुण्यांसाठी लावलेले गिझर हा सगळा भार एकदम त्या जुन्या बोर्डावर येतो.

अशा घरांत पुष्कळदा चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजून असतात. त्यांत ठरावीक जाडीची फ्यूज वायर घालायची असते; ती वितळली की कोणीतरी जुन्या वायरचे तांब्याचे चार-पाच धागे पिळून बसवतो आणि लाइट येते. पण मग फ्यूज वितळत नाही, भिंतीतली वायर तापते. आणखी एक धोका फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या बोर्डावर वीज आणणाऱ्या फेजच्या तारेप्रमाणे परतीच्या न्यूट्रललाही किटकॅट असतो. न्यूट्रलचा फ्यूज गेला तर दिवे विझतात, घर मेल्यासारखे वाटते, पण फेज जिवंतच राहते, आणि ‘लाइट नाही’ असे समजून होल्डरला हात लावणाऱ्याला झटका बसतो. असा बोर्ड अजून असेल तर तो बदलून घेण्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

ज्यांच्याकडे फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे (बंद होणारे) ब्रेकर, आले आहेत, त्यांचा एक समज मला आवर्जून दूर करायचा आहे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून 160 मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो केवळ शंभरावा हिस्सा असल्यामुळे एमसीबी जागचा हलत नाही. माणसासाठी आरसीसीबी हवा. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो आणि घरासाठीचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढा फरक दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. इकडे कॅनडात न्हाणीघरातले आणि स्वयंपाकघरातल्या सिंकजवळचे सॉकेट सुमारे 5 मिलिअँपिअरवरच बंद पडतात.

फोनवर घरच्या आरसीसीबीचा विषय काढला तेव्हा काका म्हणाले, “पावसात तो सारखा पडायचा, म्हणून वायरमनाने बायपास करून दिला.” गोव्यात हे उत्तर अनेक घरांतून मिळेल, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. आरसीसीबी पडतो याचा अर्थ कुठेतरी वीज गळते आहे. बहुधा अंगणातला दिवा, पंप किंवा ओल आलेला सॉकेट. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चढवत जावे. ज्याला तो पडेल, त्या लाइनीत दोष आहे. सगळे खाली असतानाही तो पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला, म्हणजे जमिनीत नेलेल्या तारेला, टेकलेला असू शकतो, आणि ते शोधणे जाणत्या वायरमनाचेच काम आहे.

अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला, असेही विचारले जाते. चिरेखाणीची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थचा अवरोध खूप वाढतो. तो 20 ओहम झाला असे धरले, तर फ्रिजच्या पत्र्याला फेज टेकल्यावर 230 व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर होतो. 16 अँपिअरचा एमसीबी त्याला पडत नाही आणि फ्रिजचा पत्रा जिवंत राहतो. अर्थच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे, वायरमनाकडून अर्थ मोजून घ्यावा, पण केवळ त्यावर विसंबू नये. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही तो पडला नाही, तर तो बदलावा.

बोर्डावर लटकणारी दिनदर्शिका आणि समोर सरकवलेले कपाट चवथीच्या साफसफाईतच हलवावे, म्हणजे रात्री काही घडले तर मेनस्विचवर हात पोहोचेल. मात्र मेन बंद केला तरी मीटरकडून त्यात येणारी तार जिवंत असते, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनीही चालूच राहतात. म्हणून वायरमन बोर्ड उघडण्यापूर्वी इन्व्हर्टरही बंद करावा, आणि तो कुठून बंद होतो ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवावे.