मिररलेसबद्दल कुणाला विचारायचं?

"मिररलेस कॅमेरा घेतलाय. आता खात्रीचा सल्ला कुणाकडून घेऊ?" मी गाण्याच्या बैठकींचे फोटो काढते, त्यामुळे मध्यंतरात चहाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला एखादं नाव हवं असतं. ते मी देत नाही. सांगते एवढंच, की जो सल्ला देईल त्याला विचारा: हे तुम्ही कुठल्या कॅमेऱ्यावर, कसल्या उजेडात करून पाहिलंय?

सायलेंट शटरचंच घ्या. विलंबित ख्याल चालू असताना पहिल्या रांगेत डीएसएलआरचा, म्हणजे आत हलता आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, खटका वाजला की गायकाआधी श्रोतेच वळून बघतात, आणि पुण्यातले श्रोते कसे बघतात ते तुम्हाला माहीत आहे. मिररलेसमध्ये आरसा नाही, त्यात इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की आवाजच नाही. म्हणून "सायलेंट लावून टाक" असं जो तो सांगतो. पण त्या शटरमध्ये सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, एकेक ओळ करून वाचला जातो. बऱ्याच मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत पूर्ण फ्रेम वाचायला १/३० सेकंदाच्या आसपास वेळ जातो. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे बरेच साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फ्रेम वाचून होईपर्यंत उजेडाचे तीनेक चढउतार होतात आणि गायिकेच्या शालूवर आडवे काळपट पट्टे उमटतात. तबलजींची बोटं तिरकी येतात ती वेगळीच.

यावर कुणी सांगतं, "शटर १/१०० ठेव." ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये ते बरोबर आहे, कारण तेवढ्यात एक चढउतार पुरा बसतो. मात्र द्रुत लयीत बोटं हलली की फोटो पुसट. शिवाय रंगमंचावरचे एलईडी मेन्सच्या तालावर चालतीलच असं नाही. मी अशा वेळी मेकॅनिकल, म्हणजे खरोखर पडदा हलणाऱ्या, शटरवर जाते. पट्टे बरेच कमी होतात, बारीक टिक ऐकू येते, ती टाळ्यांत खपवायची.

आणि एखादा म्हणतो, "पट्टे? मला कधीच आले नाहीत!" तो खोटं बोलत नसतो. २०२१ साली आलेल्या निकॉन झेड ९ ला मेकॅनिकल शटरच नाही, इतक्या वेगाने त्याचा सेन्सर वाचला जातो. असा कॅमेरा गळ्यात असलेल्याचा अनुभव तुमच्या कॅमेऱ्याला लागू नाही.

डीएसएलआरवर हात बसलेले काका लोक मनापासून सांगतात, पण त्यातलं थोडं गाळून घ्यावं लागतं. "लेन्स बॉडीशी जुळवून घे" हे तिथे ठीक होतं, कारण आरशाखाली फोकसचा वेगळा सेन्सर असायचा. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ती जुळवाजुळव सहसा लागत नाही. उलट मिररलेसची बॅटरी लवकर संपते, तरी दुसरी बरोबर ठेवायला ते सांगत नाहीत, डीएसएलआरवर त्यांना तशी गरजच पडलेली नसते.

लेन्स बदलण्याचंही तसंच. कॅननचा ईओएस आर बंद केला की शटरचा पडदा सेन्सरसमोर मिटतो आणि धूळ अडवतो, ईओएस आरपीमध्ये मिटत नाही. एकाच घरातली भावंडं, एक २०१८ चं, दुसरं २०१९ चं. म्हणून आधी मॅन्युअल. खोक्यातलं पातळ पुस्तक नव्हे, कंपनीच्या साइटवर मिळतं ते जाडजूड. कंटाळवाणं आहे, पण ते तुमच्याच कॅमेऱ्याबद्दल असतं. दुकानदाराला किंमत आणि वॉरंटी विचारावी, बस्स.

माणसं हवी असतील तर बालगंधर्वच्या कलादालनात छायाचित्रांचं प्रदर्शन लागेल तेव्हा जा. फोटो काढणारा बऱ्याचदा तिथेच उभा असतो. फ्रेमकडे बोट दाखवून "हा कसा घेतलात?" असं विचारलं की लोक भरभरून बोलतात, आणि बोलणं खरं की नुसतं ऐकीव हे समोर भिंतीवरच दिसतं. भिगवणला फ्लेमिंगो टिपणाऱ्यांकडून उडत्या पक्ष्यावर फोकस कसा धरून ठेवायचा ते शिका. मैफलीच्या उजेडाचं त्यांना विचारू नका. लेन्स भाड्याने देणाऱ्यांशीही मैत्री ठेवा. कुठली वस्तू कशी बिघडून परत येते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आणि पट्ट्यांची परीक्षा घरीच घ्या. रात्री दिवा लावून पांढऱ्या भिंतीचे इलेक्ट्रॉनिक शटरने १/५०० वर चार फोटो काढा, मग प्रत्येक खोलीतल्या दिव्याखाली तेच.

एका बाबतीत मात्र काकांचं डोळे मिटून ऐका: पावसाळा. बुरशीला लेन्स जुनी की नवी, फरक पडत नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका.